नऊ फुटांचे छत

१९८३ चा पंचनामा म्हणतो, ‘मेकॅनिक देवाप्पाच्या निष्काळजीपणामुळे लिफ्टवरील अँबॅसिडर कोसळून त्याचा पाय चिरडला.’ देवाप्पा माझा भाऊ. हा ठपका राहिला तर त्याला पुन्हा कोणी काम देणार नाही. गाडीचे मालक जिनदत्त यांच्या निपाणीतील बंगल्याच्या गॅरेजचे छत नऊ फुटांवर, गाडी सव्वापाच फूट उंच, आणि गाडी खाली घसरू न देणारा या लिफ्टचा आधाराचा खटका पाच फूट चढल्यावरच बसतो; म्हणजे तो बसण्याआधीच गाडी छताला टेकते. एवढी बेरीज विद्वान पंचांना झेपली नाही. देवाप्पाने तीन फुटांवर खटका बसणारी लिफ्ट सुचवली होती. मी चौथ्यांदा विचारले, तेव्हा जिनदत्त वैतागून म्हणाले, “व्हय सर, त्यानं छत मोजून सांगितलं व्हतं. पर चिकोडीच्या व्याह्याकडं उंच लिफ्ट हाय, मी बुटकी कशी घिऊ?”