एकदाच मोजलेलं

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी एका शर्टाला बाही जोडत होतो. सकाळचे साडेअकरा झाले होते. नर्स म्हणाली, "लगेच या."

"जास्त झालंय का?"

"तुम्ही या, काका."

तेवढ्यावरून मला कळलं. तरी फोन खाली ठेवून मी ती शिलाई पुरी केली. चारच बोटं राहिली होती. गाठ मारली, दोरा तोडला, मग उठलो. असं का केलं ते सांगता येत नाही. मी उठत नाही तोवर बायको गेलेली नाही, असं काहीतरी डोक्यात असावं.

आमचं दुकान दोघांचं होतं, खाली दुकान आणि वर दोन खोल्या. कपडा बेतायची ती, शिवायचो मी. एकतीस वर्षांत मी कापडाला कात्री लावली नाही. शिलाई चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड मात्र पुन्हा सांधत नाही. म्हणून मला कात्रीची धास्ती होती आणि तिला नव्हती. ती मोजपट्टीनं एकदाच मोजायची. खडूनं रेघ मारायची, खडू खाली ठेवायची आणि हळूच म्हणायची, "माझं मोजून झालं. आता तू बघ." हे देवाला. मग कात्री सरळ चालायची, मध्ये थांबायची नाही.

मी मशीनवरून ओरडायचो, "अगं, आणखी एकदा मोज ना."

"मोजलंय. दहादा मोजून कापड वाढणारेय का?"

दोन दिवसांच्या तपासणीला म्हणून ती हॉस्पिटलात गेली, त्याच्या आदल्या दिवशी तिनं पोस्टमनकाकांचा कोट आखला होता. गडद राखाडी, गरम कापड. पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, सगळं पांढऱ्या खडूनं. "आल्यावर कापते," म्हणाली. रक्तदाब डोक्यात चढला आणि ती आलीच नाही. कापड टेबलावर तसंच पसरलेलं राहिलं.

आमची लेक, जिला आम्ही लहानपणापासून ढब्बू म्हणतो, आईसाठी आली ती राहिलीच. सहावा महिना चालू होता. जावई जहाजावर, त्याचा फोन लागला तर लागला. दीड महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि विचारलं, "तुमच्या आईला काय झालं होतं?" ढब्बूनं सांगितलं. बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मला ते पेन अजून दिसतं.

घरी येताना त्यांनी सांगितलेलं सगळं मी मनात घोकत होतो. पडून राहायचं. मीठ कमी. सकाळ-संध्याकाळ दाब मोजायचा. डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे काही चमकलं तर लगेच यायचं.

त्याच संध्याकाळी दाबाचं यंत्र आणलं आणि दोनदाच्या जागी नऊ-नऊदा मोजायला लागलो. ती दुपारी झोपली की मी जिना चढून दारात उभा राहायचो आणि पांघरूण वरखाली होतंय का ते बघायचो. एकदा होताना दिसलं नाही. चौकट धरून उभा राहिलो.

"बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली, "मी आहे अजून. खाली जा."

"दाब बघू का?"

"आता तुमचाच बघा. माझा वाढवून ठेवाल."

खाली यायचो तर समोर तो कोट. पोस्टमनकाका भला माणूस. "थंडीच्या आत द्या म्हणजे झालं," एवढंच म्हणाले होते. पण मला वेगळीच भीती. खडू पुसट व्हायला लागला होता. तिच्या हातची शेवटची रेघ माझ्या डोळ्यांदेखत जाणार. म्हणून म्हटलं, वरून जरा गडद करू. गडद करायला बसलो आणि शंका आली की खांदा बरोबर आहे ना? तिच्या वहीतलं माप काढलं, पट्टी लावली. अर्ध्या बोटाचा फरक आला. पट्टी सरकली असेल. बाजूला दुसरी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी वाटलं, शिवणीत जाणारी माया कमी पडेल, म्हणून बाहेरून तिसरी. मग पाठ. मग बाह्या. चार दिवस मी हेच करत होतो. वर जाऊन दाब मोजायचा, खाली येऊन कोट मोजायचा.

शेजारचा चष्मेवाला डोकावला. "मास्तर, हा कोट आहे की रेल्वेचा नकाशा?"

"मोजतोय."

"मोजा. कुठल्या स्टेशनला उतरायचं ते ठरलं की कळवा."

तो गेला आणि मी कापडाकडे नीट बघितलं. खांद्यावर सहा रेघा होत्या, बाहीवर त्याहून जास्त. त्यातली तिची कोणती? मी वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं, दारात उजेडाला धरून बघितलं. ओळखू येईना. ती पुसली जाईल म्हणून घाबरलो, आणि घाबरून मीच ती घालवली.

टेबलाला धरून मी उभा होतो तेवढ्यात वरून हाक आली. "बाबा, डोकं फार दुखतंय. आणि डोळ्यांपुढे ठिपके नाचतायत."

यंत्रावर एकशे ऐंशीच्या वरचा आकडा आला. मला वाटलं चुकला, म्हणून पुन्हा लावायला गेलो. ढब्बूनं माझं मनगट धरलं. "बाबा, नको. गाडी बघा."

चष्मेवाल्यानं गाडी काढली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. "काका, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. थांबलो तर दोघांनाही धोका आहे. बाळ फार लवकर येतंय, त्याचं काही सांगता येणार नाही. तिनं सही केलीय, घरच्यांचीही हवी."

मी विचारलं, तासभर थांबलो तर? गोळीनं उतरला तर? दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर? त्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"बाई, आणखी एकदा मोजा ना दाब."

"तीनदा मोजलाय, काका. मोजल्यानं तो उतरणार नाही."

एकतीस वर्षं जे मशीनवर बसून ऐकलं तेच ही पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची, मला सांगत होती. मी सही केली.

ढब्बूला आत नेताना मी स्ट्रेचरबरोबर चालत होतो. ती म्हणाली, "बाबा, भीती वाटतेय."

"मलाही."

"छान. धीर देताय की काय?" ती हसायला गेली, पण ओठ कोरडे पडले होते. "आई काय म्हणाली असती?"

मी सांगितलं. ती पुटपुटली, "आता तू बघ." दार बंद झालं.

बाहेर बाकावर मी बसलो. समोर भिंत होती आणि त्या दारावर लाल दिवा. देवाशी बोलायची मला सवय नाही, ते काम घरात तिच्याकडे होतं. आणि खरं सांगायचं तर मी त्याच्यावर रागावलेला होतो. तपासणीला जाताना तिनं स्वतःसाठीही हेच म्हटलं होतं, आता तू बघ, आणि ती परत आली नाही. म्हणजे त्याच्यावर सोपवलं की आपल्या मनासारखं होतं, असं नाही. हे मला त्या बाकावर पक्कं ठाऊक होतं. पण माझ्या हातात ठेवून मी काय केलं होतं? एक नीट मारलेली रेघ बिघडवली होती. आणि तिनं एकतीस वर्षं ज्याच्यावर सोपवलं, त्यालाही तिनं आधी नीट मोजून पारखलं असणार. ती बेतणारी बाई होती.

मी हळू आवाजात म्हणालो, "माझं मोजून झालं. आता तू बघ."

भीती गेली नाही. दिवा लालच होता. फक्त मी उठून दाराच्या फटीतून बघणं थांबवलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिलो.

मुलगी झाली. माझ्या मोठ्या कात्रीहून थोडी लांब. काचेच्या पेटीत ठेवलीय, नळ्या लावल्यात. डॉक्टरीणबाई म्हणतात, आठवडाभर काहीच बोलू नका. ढब्बूचा दाब अजून हवा तसा खाली आलेला नाही. तिनं मला विचारलं, "मोजताय का बाहेर बसून?" मी म्हटलं, "नाही." तिला ते खरं वाटलं नाही.

आज सकाळी तिचे कपडे न्यायला घरी आलो. दुकान उघडलं आणि ब्रश घेऊन कोटाचं कापड झाडून काढलं. सगळ्या रेघा गेल्या, माझ्या आणि ढब्बूच्या आईचीही. वहीतलं तिच्या अक्षरातलं माप समोर ठेवलं, एकदा मोजलं, रेघ मारली, खडू खाली ठेवला. तिचे शब्द म्हटले. कात्री हातात जड लागली. पाठ कापली. पुढचे दोन्ही भाग कापले. उजवी बाही कापली. तेवढ्यात भेटायची वेळ झाली आणि मी कपड्यांची पिशवी घेऊन निघालो.

डावी बाही कापायची राहिली आहे.