खंडेनवमीची आंघोळ

वाण्याच्या दुकानात साखर भरायला छोटे फावडे असते ना, तेवढेच मी एक जुने पितळी फावडे आहे, मित्रांनो. माझी मूठ पोकळ नळीची आहे. ती नळी लक्षात ठेवा.

खोपोलीजवळच्या एका कारखान्यात अॅल्युमिनियमची पूड तयार होते. वितळलेल्या धातूवर जोराने हवा सोडली की त्याचे बारीक थेंब उडतात आणि हवेतच थिजतात. ते चाळले की पिठाहून मऊ, राखाडी पूड मिळते. फाटकांच्या चंदेरी रंगात ती जाते. हलक्या विटांच्या ओल्या मिश्रणातही जाते. तिथे वायूचे बुडबुडे निघतात आणि वीट पावासारखी फुगते. लोखंडाच्या घर्षणाने ठिणगी पडते आणि उडत्या पुडीला एक ठिणगी पुरते, म्हणून मला पितळेचे घडवले.

मला हाताळायची हिरूबाई. तिच्या हातून पूड कधी उडत नसे. पाळीचा मुकादम रत्नदीप नव्या माणसांना म्हणायचा, “ताईंचा हात बघा. पूड झोपलीय असं समजून उचलतात.”

प्रयोगशाळेत नव्या आलेल्या सुरभीमॅडमनी भिंतीवर पाटी लावली: ‘पाणी वापरू नये.’ शेजारी कोरड्या वाळूच्या बादल्या ठेवल्या. का, ते मात्र सांगायचे राहून गेले. आगीवर पाणी टाकायचे नाही, असा अर्थ सगळ्यांनी घेतला.

मग खंडेनवमी आली. घरच्या विळा-कोयत्यासारखी मलाही पूजेआधी आंघोळ हवी, असे हिरूबाईला वाटले. तिने मला बाहेर नळावर नेले, चिंचेने घासले, पदराने पुसले. मी लखलखले. “ताई, आता याला बाशिंग बांधा,” रत्नदीपने थट्टा केली. पूजा झाली. हिरूबाईने मला नेहमीप्रमाणे पुडीच्या पिंपात ठेवले, झाकण घट्ट लावले आणि सगळे सुट्टीला गेले.

नळीत पाणी राहिले होते. ते हळूहळू पुडीत झिरपले. पूड तापू लागली, पेट घेणारा वायू कोंडू लागला. मला सारे कळत होते, पण फावड्याला हाक मारता येत नाही.

सुट्टी संपली. हिरूबाईने झाकण सैल केले आणि भक्कन जाळ उठला. रत्नदीपने वाळू ओतून तो विझवला, पण तोवर तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

बरी होऊन ती कामावर आली, तेव्हा सुरभीमॅडमनी हळूच विचारले, पाटी वाचली नव्हती का?

“वाचली की, बाय. आगीवर पानी नाय टाकायचं, ते ठाव हाय. आंगोळीचं कुनी सांगितलं?”

मॅडमनी सर्वांना बोलावून फुगणाऱ्या विटांपासून सगळे समजावले. ते आधी समजावायला फारसा वेळ लागला नसता.

हिरूबाईची बोटे आता मिटत नाहीत. ती गोदामात पिशव्यांना चिठ्ठ्या चिकटवते. मी काळवंडून खिळ्याला टांगलेले आहे.

मित्रांनो, आम्हा अवजारांची निगा जरूर राखा, पण कशी राखायची ते आधी विचारा. आणि कोणाला ‘नको’ म्हणाल, तेव्हा ‘का’ तेही सांगा.

यंदा खंडेनवमीला हिरूबाई कोरडे फडके घेऊन आली. डाव्या हाताने तिने मला पुसले. मग सवयीने तिचा उजवा हात माझ्या मुठीकडे आला आणि मध्येच थांबला.