लाल धागा

"लाल धागा? पांढऱ्या चादरीले?" बळीरामला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं.

"मग! रफू फोटोत दिसायला नको का, काका?" लाँड्रीच्या नव्या इन्चार्ज हर्षा मॅडम म्हणाल्या. "इतकं छान काम करता अन् कोणाला पत्ताच नाही. आता रोज वीस चादरी. भिंतीवर तुमचा फोटो लागेल."

फोटो! बळीराम पाचपावलीचा कोष्टी. हातमाग बंद पडला तेव्हा पोटासाठी दवाखान्याच्या लाँड्रीत लागला, पण कापडाला भोक दिसलं की आजही त्याचा जीव कासावीस व्हायचा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, कुणी न सांगता, तो फाटक्या चादरी रफू करायचा. उभा धागा, आडवा धागा, जसा मागावर. भोक कुठं होतं हे नंतर त्याचं त्यालाही सापडू नये. रफूची हीच तर कसोटी! लाँड्रीतलीच माया शेजारी बसून सुई ओवून द्यायची, आणखी दोघी-तिघी हात लावायच्या. हसतखिदळत ढीग संपायचा.

मॅडमचं मन त्याच्याने मोडवेना. त्याने लाल धागा घेतला. भिंतीवर फोटो लागला, आणि दुसऱ्याच दिवशी माया डबा घेऊन लांब जाऊन बसली.

"काहून वं माया?"

"तुमचं नाव चमकून राहिलं न भाऊ, तुम्हीच ओवा सुई. आमी कायले फुकट मरू?"

बळीरामलाही आता भोक दिसत नव्हतं, आकडा दिसत होता. अकरा झाल्या, नऊ राहिल्या. एका म्हाताऱ्या पेशंटने लाल रफूवर बोट फिरवत विचारलं, "हे रगत व्हय का गा?" तेव्हा तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरात विसाच्या पाच झाल्या, मग एकही नाही. मॅडम रागावल्या नाहीत, बिचाऱ्या. त्यांनी भिंतीवर दुसऱ्याचा फोटो लावला. जेवणाची सुट्टी परत मोकळी झाली, पण बळीरामचा हात काही सुईकडे गेला नाही.

रविवारी सकाळी त्याची बायको अनुसया पेटीतलं लुगडं घेऊन आली. लग्नाच्या वर्षी त्यानेच तिच्यासाठी विणलेलं. पदराजवळ बोटभर फाटलं होतं.

"अवो, एवढं करून द्या ना."

त्याने लुगडं उलटंसुलटं करून पाहिलं. "फेकून दे वं. बजारात ढीगभर भेटते."

अनुसयाने दारात बसून हाताला आला तो निळा धागा ओवला आणि जाड जाड टाके घालायला लागली. एक वाकडा गेला, मग दुसरा. बळीराम खाटेवरून ते बघत होता. हातातला चहा गार होईल म्हणून त्याने चहा पिऊन घेतला.