अर्थ लावला का?

आईला प्रयोगात घ्यायचंच नव्हतं. पण यादीतले बारावे आजोबा ऐनवेळी मुलाकडे राहायला निघून गेले आणि शुक्रवार चार दिवसांवर आला. मग काय करते बिचारी, अडला हरी म्हणतात तसे लेकीने आईचे पाय धरले.

शुक्रवारी प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. नोंदणी गेली की पदवी गेली, आणि पदवी नाही तर कॉलेजातली अकरा वर्षांची हंगामी नोकरी कायम व्हायची आशाही गेली. साठीच्या पुढची बारा माणसं लागत होती. अकराच झाली होती.

प्रयोग म्हणाल तर पोरखेळ. दहा कार्डं, प्रत्येकावर एक निरर्थक शब्द. बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ करायचे आणि चोवीस तासांनी किती उरले ते सांगायचं. ही कटकट मुळात शंभरावर वर्षांपूर्वीच्या एका गृहस्थाची. शब्दाला अर्थ असला की आठवण शुद्ध राहत नाही, म्हणून त्याने असले हजारो शब्द स्वतःच पाठ केले, स्वतःच विसरला आणि विसरण्याचा आलेख काढून ठेवला. पुढे त्याला खोडून काढणारेही आले. ते म्हणाले, माणूस ऐकलेलं जसंच्या तसं ठेवतच नाही, आपल्या ओळखीचं करून ठेवतो. लेकीने या सगळ्यावर चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं होतं, तळटीपांसकट.

सोमवारी आईने दहा शब्द पाठ केले. मंगळवारी दहाच्या दहा म्हणून दाखवले, वर चष्मा पुसत विचारलं, "उलटे म्हणू?"

लेकीने कपाळाला हात लावला. पुस्तकाप्रमाणे तीन, फार तर चार यायला हवे होते.

"आई, कसे लक्षात राहिले?"

"सोपं आहे. टोव, कुझ, लेध, डिख. टॉवेल कुजला, लेथ मशीनवर वाळत घातला, डिंकाने चिकटला."

"त्यांना अर्थ नाहीये गं."

"नव्हता. मी लावला."

आता हिला काय सांगायचं? आई तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्या दृष्टीने आकडासुद्धा नुसता आकडा नव्हता. दोनशे सतरा म्हणजे दातांचे डॉक्टर, कधी उचलायचे नाहीत. चारशे तीन म्हणजे नवऱ्याशी भांडून माहेरी फोन लावणारी. गल्लीत तिला अजून एक्सचेंजच म्हणत.

मार्गदर्शक बाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अर्थ लावला की ती व्यक्ती बाद. फॉर्मवर रकाना आहे ना? नवी यादी करा, तिला तंबी द्या आणि पुन्हा घ्या."

बुधवारी सकाळी लेकीने चहा गार होऊ देत, चिडत, मनानेच दहा नवे शब्द खरडले. आईला समोर बसवलं. "हे बघ, गोष्ट रचायची नाही. जोड्या लावायच्या नाहीत. कुणाची आठवण आली तर हाकलून दे. नोकरीचा प्रश्न आहे माझ्या."

"बरं बाई. डोकं रिकामं ठेवते." आई एकेक कार्ड बघत गेली. सातव्या कार्डाशी थांबली. "हे शब्द कुणी केले?"

"मीच, आत्ता. का?"

"काही नाही. पुढचं दाखव."

गुरुवारी आई शहाण्यासारखी विसरून आली. खूप आठवून पाहिलं, बोटं मोडली, आणि तीनच शब्द निघाले: हौझ, चेढ, मिप. तीन. अगदी पुस्तकातल्यासारखे. लेकीला आईचा मुकाच घ्यावासा वाटला.

"हौझ. अर्थ लावला का?"

"नाही."

"चेढ?"

"नाही."

"मिप?"

आईने खिडकीबाहेर बघितलं. "नाही."

लेकीने तिन्ही ठिकाणी 'नाही'वर खूण केली. आईने खाली ऑपरेटरच्या ठसठशीत अक्षरात सही केली. फॉर्म फाइलमध्ये गेला आणि लेकीने चार दिवसांत पहिल्यांदा पाय लांब केले.

"झालं ना? आता ते पक्कं?" आईने विचारलं.

"पक्कं."

"मग सांगते. मिप तुझा आहे."

"काय?"

"दीड वर्षाची होतीस. दुधाला मिप म्हणायचीस. पाण्याला नाही, खिरीला नाही, फक्त दुधाला. मी ड्यूटीवरून आले की दारातच पदर ओढायचीस, मिप, मिप. आठ महिने चाललं ते. मग एक दिवस उठलीस आणि सरळ 'दूध' म्हणालीस. तुझे बाबा म्हणाले, बरं झालं, स्पष्ट बोलायला लागली. मला इतकं वाईट वाटलं होतं त्या दिवशी. कुणाला सांगणार? तुझ्याही लक्षात नव्हतं."

लेकीच्या लक्षात असणारच नव्हतं. त्या वयातलं कुणाच्याच राहत नाही, हे ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवायची.

"तू खोटं बोललीस, आई."

"मग? तुझं सगळं पाण्यात जाऊ देऊ? एवढ्याशा शब्दापायी?"

"तंबी दिली होती ना मी? हाकलून दे म्हटलं होतं ना?" लेकीचा आवाज चढला आणि मध्येच फाटला.

"सगळे हाकलले. तो गेला नाही," आई म्हणाली.

लेकीने फाइल ओढली, फॉर्म काढला, मिपपुढची खूण खोडली आणि 'हो'वर केली.

"खाडाखोड झालीय. शेजारी सही कर."

"मी नाही करणार. वेडी आहेस का? नोकरी जाईल."

"जाऊ दे. कर सही."

आईने रागारागाने सही केली, पेन टेबलावर आपटलं. "म्हणजे आता मी बाद ना?"

"बाद," लेक म्हणाली, आणि 'कोणता अर्थ' या रकान्यात तिने लिहिलं, दूध.