पीठ वाढलं

गोजरबाईच्या घरात ‘संपलं’ असं कुणी म्हणायचं नाही, हा नियम. तेल संपत नाही, मीठ संपत नाही, चहाची पत्तीसुद्धा संपत नाही. सगळं ‘वाढतं’. बांगडी फुटली की वाढली म्हणतात, संध्याकाळी दुकानदार शटर ओढतो तेव्हा दुकान वाढवलं म्हणतात, तसंच डब्याचा तळ दिसला की पीठ वाढलं म्हणायचं. संपलं म्हटलं की वास्तू तथास्तु म्हणते आणि मग खरंच संपतं. दुसरा नियम असा की डबा पुरता रिकामा करायचा नाही. मूठभर पीठ तळाला ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं. हे दोन्ही नियम गोजरबाईच्या आईचे. तिने ते दोन लेकींना दिले: थोरली प्रभावती, अंतरवाली सराटीला दिलेली, आणि धाकटी गोजर, कुंभार पिंपळगावात दिलेली. जमीन भावाला गेली, बहिणींच्या वाट्याला नियम आले.

तिसरा नियम मात्र गोजरबाईने स्वतः काढला. तो लॉकडाऊनमधला. सगळं मोजून.

त्याआधी ही बाई अशी नव्हती. टोपल्यात दोन भाकरी जास्तीच्या पडल्या नाहीत तर तिला चैन पडायचं नाही. बाजाराच्या दिवशी तिच्या ओसरीवर ओळखीची, अर्ध्या ओळखीची माणसं जेवून जायची आणि वर ठेच्याला नावं ठेवून जायची. मग दोन हजार वीसचा मार्च आला. मुलाचं, कल्याणचं, चपलांचं दुकान बंद झालं. गिरणी बंद झाली. पोरांनी शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून गावाचा रस्ता अडवला. नवरा, काकासाहेब, चार वर्षांपूर्वीच गेलेला, म्हणजे घरात थोरलं माणूस तीच. सून अर्पिता सहा महिन्यांची गरोदर. कोठीत अडीच क्विंटल ज्वारी होती. तीन माणसांना सात-आठ महिने सहज पुरली असती, पण किती महिने काढायचे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. टीव्हीवर रोज नवा आकडा यायचा. गोजरबाई घाबरली, आणि घाबरलेलं माणूस पहिल्यांदा मोजायला लागतं.

कल्याणला तीन भाकरी, अर्पिताला अडीच, स्वतःला एक. चतकोर उरलीच तर ती पत्र्यावर वाळत घालायची. चहाची पत्ती दोनदा उकळायची. झिजलेल्या साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवायची. तेल चमच्याने, आणि तो चमचाही औषधाच्या बाटलीबरोबर आलेला.

आता पाच वर्षं झाली. चपलांचं दुकान बरं चाललंय, नात बालवाडीत जाते, गिरणी दिवसभर फिरते. गोजरबाईच्या पत्र्यावर मात्र अजून भाकरी वाळतात. गल्लीतल्या बायका म्हणतात, कोरोना साऱ्या दुनियेतून गेला, गोजरबाईच्या घरातून काही निघाला नाही. म्हणतात आणि हसतात. हसणारच. त्यांना काय ठाऊक!

प्रभावतीही विधवा, त्यात एकटी आणि दम्याची. एकुलता मुलगा मच्छिंद्र पाचवीपासून वसतिगृहात राहिला आणि पुढे पुण्याला कंपनीत लागला. वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा घरी यायचा. लॉकडाऊनच्या दिवसांत खोकणाऱ्या माणसाच्या दारात कुणी फिरकत नव्हतं, आणि दम्याची बाई खोकल्याशिवाय राहणार कशी? रेशनच्या रांगेत ती उभी राहिली की लोक तिच्याकडे असे बघायचे की ती आपणच पिशवी घेऊन माघारी यायची. गोजरबाई रोज दिवेलागणीला तिला फोन करायची. एप्रिल संपता संपता एकदा तिने विचारलं, “आक्का, पिठाचं कसं हाय?”

“पीठ वाढलं बघ,” प्रभावती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “तांदूळ बी वाढले.”

एवढंच. मागणाऱ्यातली ती नव्हतीच. पण गोजरबाईला कळलं. न कळायला काय झालं? एकाच आईच्या चुलीपुढे दोघी हा शब्द शिकल्या होत्या. फोन ठेवला तेव्हा कल्याण समोर बसला होता, अर्पिता कणगीला टेकून पाय चोळत होती. कल्याण म्हणाला, “मावशीकडं पायलीभर ज्वारी टाकून येऊ का? शेताशेतानं काढतो गाडी.”

गोजरबाईने कोठीकडे पाहिलं आणि सुनेच्या पोटाकडे पाहिलं.

“नको. भरपूर हाय म्हणली ती,” गोजरबाई म्हणाली. “तू कशाला जातो, रोग घेऊन येशील घरात.”

पुढचे पंधरा दिवस तिने रोज फोन केला आणि रोज पिठाचं सोडून सगळं विचारलं. सोळाव्या दिवशी फोन उचलला गेला नाही.

दम्याने गेली, असं सगळे म्हणाले. गोजरबाईही तसंच म्हणाली. पाच-सात माणसांत सगळं उरकलं. मच्छिंद्रला पुण्याहून निघायला पास मिळाला नाही, त्याने आईला मोबाइलवर जळताना पाहिलं. माणसं आंघोळीला गेल्यावर गोजरबाई बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरली. तांदळाचं मडकं पालथं होतं. पिठाचा स्टीलचा डबा मात्र झाकण लावून नीट ठेवला होता. तिने तो उघडला तर तळाला मूठभर पीठ होतं. आक्काने आईचा नियम शेवटपर्यंत मोडला नव्हता. त्या मुठीत एक भाकर झाली असती.

तो डबा ती पदराखाली झाकून घरी घेऊन आली. आणि त्याच पावसाळ्यात कोठीतल्या ज्वारीत सोंडे झाले. दीड क्विंटल ज्वारी, मोजून मोजून राखलेली, शेळ्यांपुढे टाकावी लागली. शेळ्यांनीही ती नखरे करत खाल्ली.

गेल्या पाच वर्षांत गोजरबाईने एक वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. मच्छिंद्रा, मला ठाऊक व्हतं. चार शब्द. कुणाला सांगितलं नाही, कारण ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता, आणि तो आला की गर्दी असायची, नाही तर हिची जीभ टाळ्याला चिकटायची. परवा त्याचा फोन आला: “रविवारी येतो मावशी, एकटाच.” तेव्हा तिने ठरवलं. या खेपेला सांगायचं, आणि जेवायच्या आधी सांगायचं. आपल्या हातचं पोटात गेल्यावर ऐकलं तर त्याला ते अन्न विषासारखं होईल. शिव्या देईल, थुंकेल, उठून जाईल. जाऊ दे. पण हे ओझं घेऊन तिला मरायचं नव्हतं. आक्कापुढे कोणत्या तोंडाने जायचं?

मच्छिंद्र दुपारी बाराला आला. पेढ्यांचा पुडा, नातीला फ्रॉक, आणि वास्तुशांतीची पत्रिका. पाया पडला. पस्तिशीतच कानाजवळचे केस पांढरे झालेले.

“फ्लॅट घेतला मावशी. दोन खोल्या अन् किचन,” तो म्हणाला. “दारावर मायचं नाव लावून राह्यलो. प्रभावती. तुम्ही सगळ्यांनी यायचं बरं का, बिलकुल बहाणा चालणार न्हाई.”

“यीन की रे,” गोजरबाई म्हणाली. कल्याण दुकानात होता, अर्पिता आत वांगी चिरत होती. हीच वेळ होती. तिने पदराने तोंड पुसलं. “मच्छिंद्रा, तुला एक सांगायचं व्हतं.”

“माझंच आधी ऐक मावशी. मायचा पिठाचा डबा तुझ्याकडंच हाय ना? नाव घातलेला? तेवढा देशील का मला? नव्या घरात मांडायचा हाय. कायम भरलेला ठेवीन म्हणतो.” तो हसला. मग त्याचा आवाज खाली आला. “मला एकच समाधान हाय बघ. माय दम्यानं गेली, तिचं तेवढंच आयुष्य व्हतं. पण उपाशी न्हाई गेली. लोकाचे काय हाल झाले तवा! मी रोज विचारायचो, माय, खायला हाय का? शेवटी शेवटी म्हणली, पीठ वाढलंय, तांदूळ बी वाढले. सरकारनं रेशन वाढवलं व्हतं ना तवा. मी म्हणलो, बरं झालं माय, आता पोटभर खात जा. तर हसली. लई येळ हसत राह्यली फोनवर. ते हसू धरून बसलोय मी पाच वर्षं.”

प्रभावतीने लेकालाही सांगितलं होतं, त्याच शब्दांत, आणि वसतिगृहाच्या डब्यावर वाढलेल्या लेकाला तो शब्द कळला नव्हता. आता चार शब्द बोलायचे म्हणजे आधी त्याला शब्दाचा अर्थ सांगायचा. त्याचं ते हसू त्याच्या हातातून काढून घ्यायचं.

“काय सांगायचं व्हतं तुला?” त्याने विचारलं.

“काई न्हाई. आधी जेव,” ती म्हणाली.

जेवायच्या आधी सांगायचं ठरलेलं ते असं गेलं. तिला जरा हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची किळस आली. उगाच कशाला त्याला दुखवायचं, असं तिने स्वतःला समजावलं. स्वतःला समजवायला ती आता चांगलीच सरावली होती.

अर्पिताने ताट आणलं. भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, दोन भाकरी. मच्छिंद्रने पहिला घास मोडला. तेवढ्यात गोजरबाई म्हणाली, “अर्पिता, आक्काचा डबा दे त्याला. न्यायचा म्हणतो.”

“देते की,” अर्पिता आतून म्हणाली, आणि डबा पुसत बाहेर आली. झाकणावर ‘सौ. प्रभावती’ अशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. “बरं झालं दादा, आजच मागितला. ह्यातलं पीठ आत्ताच वाढलं.”

“मंग दुसऱ्या डब्यात काढा ना वहिनी,” मच्छिंद्र म्हणाला. “एवढं पीठ घेऊन मी बसमधी कुठं जाऊ?”

अर्पिताला हसू आलं. “अहो दादा, वाढलं म्हणजे संपलं! तुमच्या आजीपासूनची रीत हाय म्हणे. डबा रिकामा झाला तरी संपलं म्हणायचं न्हाई, वाढलं म्हणायचं. मला बी लग्न झाल्यावर कळलं. हे बघा, मूठभर ठेवलंय आत. रिकामा डबा देऊ न्हाई.”

तिने झाकण काढून डबा त्याच्यापुढे धरला.

मच्छिंद्रने आत पाहिलं. घास हातातच राहिला. तो बराच वेळ त्या मूठभर पिठाकडे बघत होता. ओठ नुसते हलत होते. बहुतेक तो फोन पुन्हा ऐकत असावा, एकेक शब्द करून. मग त्याने घास ताटात परत ठेवला.

“मी म्हणलो, बरं झालं माय,” तो म्हणाला. “पोटभर खात जा म्हणलो.”

त्याने मान वर करून गोजरबाईकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. बुडणारं माणूस काठावरच्याकडे बघतं तसं बघत होता.

“मावशी, तुला बी म्हणली व्हती का असं?”

पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते दार त्याने स्वतःच्या हाताने उघडून दिलं होतं. व्हय म्हटलं असतं तरी पुरे होतं. एवढ्याने त्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं तरी उतरलं असतं. गोजरबाईने समोर पाहिलं. सून डबा धरून उभी होती. गोजरबाईला घर दिसलं, नात दिसली, गल्ली दिसली.

“न्हाई रे,” ती म्हणाली. “मला काईच बोलली न्हाई.”

अर्पिताचं हसू मावळलं होतं. तिने सासूकडे वळून पाहिलं. कणगीला टेकून ती पाय चोळत होती ती संध्याकाळ तिला आठवली असणार. भरपूर हाय म्हणली, हे सासूचं बोलणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिने डब्याचं झाकण लावलं.

“म्हंजी मला एकट्यालाच सांगितलं तिनं,” मच्छिंद्र म्हणाला. “अन् मलाच कळलं न्हाई.”

तो उठला, हात धुतले, पिशवी उचलली. चारची बस होती, अजून दोनही वाजले नव्हते. अर्पिता डबा घेऊन दारापर्यंत गेली. त्याने डब्याला हात लावला आणि काढून घेतला. “ऱ्हाऊ द्या वहिनी. मी काय भरून ठेवणार तो?” मग गोजरबाईच्या पाया पडला. तिने पाय मागे ओढायचा प्रयत्न केला, तोवर त्याचं डोकं टेकलं होतं. “येतो मावशी. तू रोज फोन तरी करायची तिला. माझ्यापेक्षा तूच जास्त केलं तिचं,” तो म्हणाला आणि गेला.

गोजरबाई ओसरीवर बसून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. आता पुढचं सगळं आयुष्य तो पोरगा ते ओझं एकट्याने वाहणार, आणि तिने आपलंही त्याच्या डोक्यावर देऊन टाकलं होतं, जसं काही ते तिचं नव्हतंच. देऊनही तिचं तसूभर कमी झालं नव्हतं.

अर्पिता ताट घेऊन समोर उभी राहिली. एक भाकर अख्खी, एक मोडलेली.

“आत्या,” ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. “ह्या भाकरीचं काय करू?”

“वाळत टाक पत्र्यावर,” गोजरबाईच्या तोंडून निघून गेलं.

अर्पिता जिन्याने वर गेली. पत्र्यावर तिची पावलं वाजली. गोजरबाई उठली, कोठीचं झाकण काढलं आणि उद्याच्या दळणाची ज्वारी मोजायला बसली.