वहिनीची रडी

हातात बदामाची राणी असताना वहिनीने बेधडक हुकमाची दुरी टाकली आणि हात ओढून घेतला.

"माझे बदाम संपले," ती म्हणाली.

शेजारी बसलेल्या धाकट्या दिराने पाहिलं. न दिसायला झालं काय? राणी तिने अशी तिरपी धरली होती की पलीकडच्या टेबलावरच्या माणसालाही दिसावी. तरी तो हसून म्हणाला, "वा वहिनी! आज तुम्हाला पानं छान लागताहेत."

वहिनीचा चेहरा पडला.

जहाजावरची तीन दिवसांची सहल, त्यातली ही दुसरी दुपार. खिडकीबाहेर जिकडे पाहावं तिकडे ऊन आणि पाणी. सहल घडवली होती धाकट्यानेच. वर्षापूर्वी वहिनीने त्याला आपली एक किडनी दिली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. खिडकीची खोली तिला, खुर्ची तो ओढून देणार, वारा सुटला की शाल घेऊन धावणार. तिने नुसती जांभई दिली तरी "दमलात का?"

"मजा कर की," तिचा नवरा सकाळीच म्हणाला होता. "मला तर लग्नातसुद्धा इतका मान मिळाला नव्हता."

मजा ती करत होतीच. काल जेवताना धाकट्याने पेलाभर पाणी घटाघटा संपवलं, तेव्हा ती तोंड फिरवून समुद्र बघत राहिली होती. आजारपणात याच माणसाला पाणी मोजून मिळायचं. बर्फाचा खडा चघळत तो तहान मारायचा. ऑपरेशननंतर त्याला लघवी झाली, तेव्हा पोरगा वर्गात पहिला आल्यासारखं सगळं घर नाचलं होतं. आता त्याच्या गालांवर मांस आलं होतं. कोणाचे आभार मानू नि कोणाचे नको, असं तिला होऊन जाई.

पण तिला तिचा भांडखोर दीर हवा होता. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. तिचा पहिला चहा पिऊन "गरम पाणी झकास झालंय" म्हणाला होता. एकदा तिने रडी खाल्ली म्हणून डाव उधळून जिन्यात जाऊन बसला होता. तिला भाऊ नव्हता, ती उणीव यानेच भरून काढली. त्याला वाचवायला ती ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झाली, आणि दवाखान्यातून घरी आला तो एक नम्र पाहुणा. माणूस वाचला, पण दीर हरवला, हे ती सांगणार कोणाला? म्हणून आज पत्ते निघाल्यापासून ती रडी खात होती.

दोन हात झाल्यावर जावेने, धाकट्याच्या बायकोने, बदामाची दश्शी टाकली. वहिनीने तीच राणी सगळ्यांदेखत खाली ठेवली. नवऱ्याच्या भुवया वर गेल्या. जाऊ खिडकीबाहेर बघू लागली. धाकट्याने चारही पानं तिच्याकडे सरकवली.

"घ्या वहिनी. हात तुमचाच."

वहिनीने तो हात घेतला. मग शांतपणे धाकट्यापुढचा, त्याने जिंकलेला एक हात उचलून आपल्याकडे ठेवला.

धाकट्याचे कान लाल झाले.

"ए! ठेव तो! वहिनी, ठेव म्हणतो ना! मघापासून बघतोय, धडधडीत रडी खातेयस!"

"मी? पुरावा काय?"

"बदाम संपले म्हणालीस, मग राणी काय आकाशातून पडली? एक किडनी दिलीस म्हणून आता माझा डावही चोरणार?"

शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले.

"अहो, काय बोलताय!" जाऊ ताडकन उठली. "कोणाशी बोलताय!"

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. "वहिनी, मी... मला तसं..."

"खबरदार माफी मागशील तर!" वहिनी हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे वाहत होते. जुन्या टाक्यांच्या जागी तिने हात दाबून धरला होता. "किती दिवसांनी ओरडलास रे माझ्यावर!"

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घालून पत्ते गोळा केले, पुन्हा पुन्हा सारखे केले.

"आण इकडे," वहिनीने हात पुढे केला. "मी पिसते."

"तू?" त्याने गठ्ठा छातीशी धरला. "तुझ्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

वहिनीने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"मग नीट पीस," ती म्हणाली.