त्याच्या नावाने आत

बायको आणि मी एकाच ऑफिसात. पगाराचा हिशेब करणारी कोड-लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा सुटा भाग, तिची, त्यावरून पगारपत्रकं छापणारी माझी. तिच्या लायब्ररीतली काही फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, सगळ्यांना खुली होती. बाकीची आतली, फक्त तिच्याच कोडला दिसणारी. मला ती आतली हवी होती. लग्नाआधीपासून मागत होतो. बाहेर ठेवलंय तेवढं तुला पुरे, असं म्हणून ती दर वेळी वाटाण्याच्या अक्षता लावायची.

मग कोड तपासणाऱ्या चाचण्या लिहायला एक नवा आला. केस खांद्यापर्यंत, म्हणून झिपऱ्या. तो जागेवर बसतो न बसतो तोच बाईसाहेबांनी आपल्या कोडमध्ये एक ओळ घातली: अमुक नावाच्या लायब्ररीला आतलं सगळं दिसू दे. नाव झिपऱ्याच्या चाचण्यांच्या लायब्ररीचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोघं एका स्क्रीनमध्ये डोकी घालून हसायची आणि मी पलीकडे पगारपत्रकाच्या रेघा सरळ करत बसायचो.

मेख अशी, की ती ओळ फक्त नाव बघते. एका दुपारी मी माझ्या लायब्ररीला झिपऱ्याच्या लायब्ररीचं नाव दिलं आणि आत शिरलो. आत बघण्यासारखं फार काही नव्हतं. तरी रक्कम पूर्ण रुपयांत आणणारं तिचं एक फंक्शन मी थेट वापरलं, निव्वळ जळफळाटापोटी. तेच गिऱ्हाइकाकडे गेलं.

पुढे तिने ते फंक्शन बदललं. आतलंच ते, कुणाला विचारायचं? चाचण्या पास झाल्या, पण गिऱ्हाइकाकडची पगारपत्रकं साफ चुकली. पाठवलेल्या फायलींत तिला झिपऱ्याच्या लायब्ररीचं नाव दिसलं. चाचण्या कधी ऑफिसबाहेर जात नाहीत, म्हणून तिने त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो बावचळून बघत राहिला आणि मला, खरं सांगतो, गारगार वाटलं.

मग तिने त्या नावाखालचा कोड काढून पाहिला. आत माझ्या रेघा.

"त्याला आत घेतलं ते चुका काढायला," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला बाहेर ठेवलं, कारण मी आत काहीही उलथापालथ केली तरी तुझं काही बिघडू नये."

मी माझ्या लायब्ररीचं नाव पुन्हा पहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, माझ्या लायब्ररीच्या खऱ्या नावाची. मागत होतो ते मिळालं. आता आतलं काही बदलायचं झालं, की ती आधी माझ्या टेबलाशी येऊन माझी परवानगी घेते. परक्या माणसाची घ्यावी तशी, अगदी अदबीने.